मांड बसेपर्यंत सोबत हवी: इंदुरात घोडेस्वारी शिकणाऱ्यांसाठी

घोडेस्वारी शिकायला लागून तीन महिने झाले होते आणि दुडकी, म्हणजे घोड्याची हलक्या उड्या घेत धावण्याची चाल, काही केल्या जमत नव्हती. उस्ताद रोज एकच सांगायचे, "मॅडम, ढीला बैठिए." सैल बसायचा जितका प्रयत्न करावा तितकं अंग आणखी ताठ व्हायचं. एका सकाळी माझी महूची मैत्रीण कुंपणाशी उभी राहून बघत होती. तोवर ती स्वतः घोड्यावर एकदाही बसली नव्हती. फेरी संपल्यावर म्हणाली, "अगं, दुडकी सुरू झाली की तू श्वासच घेत नाहीस. थांबल्यावर मोठ्ठा सोडतेस." पुढच्या फेरीला तिनं मला मोठ्यानं सतराचा पाढा म्हणायला लावला. पाढा म्हणायचा तर श्वास सोडावाच लागतो. सतरा चोक अडुसष्टला आले तेव्हा घोडीचा ठेका पहिल्यांदा माझ्या कमरेपर्यंत पोचला.

उस्तादांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्यापुढे एका वेळी सहा शिकाऊ असतात, त्यांना ताठ पाठ दिसत होती. मैत्रीण फक्त माझ्याकडे बघत होती, म्हणून पाठ का ताठते ते तिला दिसलं.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. आज आमचा चौघींचा गट आहे. मी राजेंद्रनगरची, एक महूची, एक पागनीसपागेची आणि चौथी माझी वहिनी. वहिनी घोड्यावर बसत नाही, पण घोडा आमच्यात सगळ्यात जास्त तिलाच कळतो. आमच्याबरोबर सुरू केलेल्या कितीतरी जणी सहा महिन्यांत गळाल्या. त्यांच्यात धीर कमी नव्हता. सकाळी सहाला कुणी वाट बघणारं नव्हतं, चुकलं कुठे ते प्रेमानं सांगणारं नव्हतं, आणि पडल्यावर परत आणणारं नव्हतं. म्हणून तिशी-चाळिशीत नव्यानं रिकिबीत पाय ठेवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. घोड्यावर कसं बसायचं ते उस्ताद शिकवतील. सोबत कशी जमवायची आणि तिचा उपयोग कसा करायचा, ते मी सांगते.

१. शुल्क भरण्याआधी सोबत ठरवा

मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर. आपण सगळे बारगीर. आज राणी नावाची घोडी मिळेल, उद्या कुणी दुसरा, परवा ज्याला नाल बसवलेली नाही तो सोडून कोणताही. रोज बदलणाऱ्या घोड्याशी एकट्यानं जुळवून घेणं अवघड जातं. काल ज्या मैत्रिणीनं तोच घोडा चालवला, तिनं "आज तो डाव्या वळणाला ताठतोय, घाई करू नकोस" एवढं सांगितलं, तरी तुमची पहिली पंधरा मिनिटं वाचतात.

सोबत दोन प्रकारची लागते. एक तुमच्याबरोबर शिकणारी, दुसरी खाली उभी राहून बघणारी. एकच मैत्रीण दोन्ही करू शकते, आलटून पालटून. निवडताना ती किती धीट आहे हे बघू नका. ती वेळेवर येते का, पंधरा मिनिटं न बोलता बघू शकते का, आणि तुमचं जमलं तर तिचा चेहरा फुलतो का, एवढंच बघा. हे कळायला एक सकाळ पुरते. तिला नुसतं बघायला घेऊन जा.

दोन माणसं मात्र या कामासाठी टाळा. "चल गं, घाबरतेस काय, पळव!" म्हणणारी मैत्रीण इतर सगळ्या बाबतींत कितीही जिवाभावाची असली तरी कुंपणाशी नको. आणि ज्याला थोडीशी घोडेस्वारी येते असा नवरा किंवा भाऊ. तो उस्तादांच्या वरताण शिकवू लागतो, तुम्ही दोन आवाजांच्या मध्ये सापडता आणि घोड्याला तुमच्याकडून दोन वेगवेगळे इशारे जातात.

गावात नवीन असाल, ओळखीचं कुणीच नसेल, तर पहिल्या आठवड्यात आपल्या बॅचकडे नीट बघा. रपेट संपल्यावर लगाम साईसाच्या (घोडे सांभाळणाऱ्याच्या) हातात देऊन लगेच गाडीकडे जातात ते एक, आणि घोड्याची मान थोपटत दोन मिनिटं जास्त रेंगाळतात ते दुसरे. दुसऱ्यांपैकी कुणाला तरी चहाला थांबवा. पागनीसपागेची मैत्रीण मला अशीच मिळाली.

साईसाला विसरू नका. आमचे साईसकाका दिवसातले बारा तास त्याच घोड्यांबरोबर असतात. रात्री कोणी चंदी (दाणा) सोडली, कोणाचा पाय गरम लागतोय, हे त्यांना आधी कळतं. रोज त्यांना नमस्कार करून "आज कैसी है?" एवढं विचारा.

२. पागा बघायला दोघींनी जा

एकटं गेलं की आपण घोडे बघून हरखून जातो आणि बाकी काही दिसत नाही. दोघी गेल्यात तर एकीनं बोलावं, दुसरीनं बघावं. नंतर घरी येऊन दोघींनी आपापलं सांगावं.

बघायचं काय? घोड्यांच्या पाठीवर खोगिराखाली जखमा आहेत का. पिण्याचं पाणी स्वच्छ आहे का. खुरांना कुजका वास येतो का. दुपारी सावली कुठे आहे. साईस जवळ आला की घोडे कान पुढे करतात की मागे चिकटवतात. मग शिकवणं बघा: नव्या माणसाला पहिल्या दिवशी लांब दोरावर गोल फिरवतात की थेट मैदानात सोडतात? लांब दोर उस्तादांच्या हातात असेल तर घोडा त्यांच्या ताब्यात राहतो आणि तुम्हाला फक्त बसण्याकडे लक्ष देता येतं. पहिल्याच दिवशी पळवून आनंद देणारी जागा मी तरी निवडणार नाही.

वजनाचा प्रश्न मोकळेपणानं विचारा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावं, असा ढोबळ हिशेब धरतात. चारशे किलोचा घोडा असेल तर सगळं मिळून ऐंशी किलो. हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून मैत्रिणीनं विचारावं. आमच्या वेळी वहिनीनं विचारलं होतं आणि उस्तादांनी शांतपणे मोठ्या हाडाचा घोडा काढून दिला.

एक सापळा लग्नसराईतला. वरातीची घोडी असलेले लोक "सिखा देंगे" म्हणतात. त्या घोड्या गर्दीत, बॅंडच्या आवाजात हळू चालायला आणि नाचायला शिकवलेल्या असतात. पायाच्या इशाऱ्याची भाषा त्यांना बहुतेक वेळा शिकवलेलीच नसते, आणि सराईच्या दिवसांत रात्र रात्र जागून त्या दमलेल्या असतात. शिकणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

३. कागद आणि सामान

बहुतेक ठिकाणी ओळखपत्राची प्रत, दोन फोटो, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला आणि संमतिपत्र मागतात. मुलांसाठी वयाचा दाखला आणि पालकांची सही. संमतिपत्र दोघींनी वाचा, एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवा. घाईत सही करू नका.

कागद मागितले नाहीत तरी दोन गोष्टी करा. एक, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे ना ते बघा. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात, आणि पागेत खरचटणं रोजचं आहे. दोन, मैत्रिणीच्या फोनमध्ये तुमचा रक्तगट, चालू असलेली औषधं आणि घरचा नंबर ठेवा. तुमच्या फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण पडल्यावर तो तुमच्या खिशात आणि कुलूपबंद असतो.

सामान फार लागत नाही:

- घोडेस्वारीचं हेल्मेट, सुरक्षा मानकाचा शिक्का असलेलं. सायकलचं किंवा मोटरसायकलचं चालत नाही.
- गुळगुळीत तळव्याचे आणि साधारण इंचभर टाचेचे बूट. टाच नसेल तर पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकतो. खेळाचे खाचा असलेले बूटही अडकतात.
- मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण नसलेली, अंगालगत पॅंट.
- हातमोजे, केसांना घट्ट रबर. ओढणी, लांब कानातले, बांगड्या घरी.
- एक वही.

हेल्मेट सोडून बाकी सगळं आम्ही पहिले दोन महिने एकमेकींचं वापरलं. हेल्मेट मात्र स्वतःच्या डोक्याच्या मापाचं घ्या. त्यावर एकदा जोराचा आघात झाला की वरून चांगलं दिसलं तरी बदला.

४. पहिले पंधरा दिवस पाय जमिनीवर

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून जवळ जाताना तिरकं, खांद्याच्या दिशेनं, बोलत बोलत जायचं. हे सगळ्यांना सांगतात आणि गप्पांच्या नादात सगळे विसरतात. आम्ही दोघी बोलत बोलत घोड्याच्या मागून जायला निघालो होतो, साईसकाकांनी ओरडून थांबवलं. तेव्हापासून नियम केला: एक जण घोड्याजवळ काम करत असली की दुसरीनं तिच्या आणि घोड्याच्या बाजूनंच उभं राहायचं, आणि गप्पा बाहेर.

खरारा, म्हणजे ब्रशनं घोड्याचं अंग साफ करणं, दोघींनी करा. एकीनं म्होरकीचा (घोड्याच्या डोक्यावर चढवलेल्या पट्ट्यांचा) दोर धरावा, तो हाताला कधीही गुंडाळायचा नाही. दुसरीनं मानेपासून मागे जावं. दोर धरणारीचं काम कान बघणं: कान मागे चिकटले की "थांब" म्हणायचं. या पंधरा दिवसांत मैत्रीण घोड्याकडे बघायला शिकते, आणि पुढे ती तुमच्याकडे बघेल तेव्हा घोड्यासकट बघेल. कुंपणाशी उभं राहण्याची तयारी इथेच होते.

तंग (पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा) कसायची पद्धत साईसाकडून शिकून घ्या. पहिल्यांदा कसताना बरेच घोडे पोट फुगवतात. बसायच्या आधी एकदा, आणि चार-पाच मिनिटं चालल्यावर पुन्हा एकदा बघायचा. हे दुसऱ्यांदा बघणं मैत्रिणीकडे सोपवा. महूची मैत्रीण आजही मी बसले की न विचारता दोन बोटं तंगाखाली घालून बघते.

आणि खाऊ. आपण इंदूरचे लोक कुणाला खिलवल्याशिवाय राहत नाही. सकाळी येताना पोहे-जिलबीचा पुडा आणायचा आणि त्यातलं घोड्यालाही द्यायचं, हे प्रेमानं होतं, पण करू नका. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात चुकीचं गेलं तर ते वर येत नाही, आणि पोटशूळ उठला तर जिवावर बेततं. गाजर आणा, उभं लांब कापून, साईसाला विचारून, तळहात सपाट ठेवून द्या.

५. कुंपणाशी कसं उभं राहावं

या पायरीबद्दल कुणीच सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हा भाग तुमच्या मैत्रिणीला वाचायला द्या.

स्वाराला स्वतःची बैठक दिसत नाही. आपली पाठ सरळ आहे असं वाटतं तेव्हा ती पुढे झुकलेली असते, टाच खाली आहे असं वाटतं तेव्हा ती वर चढलेली असते. घोड्याला सगळं कळतं, पण तो वेग बदलून किंवा मान झटकून सांगतो आणि ते आपल्याला वाचता येत नाही. म्हणून बाहेरचे डोळे लागतात.

बाजूनं बघताना एक रेघ शोधा: कान, खांदा, कंबर, टाच. ही चार ठिकाणं एका उभ्या रेघेत हवीत. टाच पुढे गेली असेल तर स्वार खुर्चीत बसल्यासारखी दिसते, आणि मग दुडकीत उठताना लगाम ओढून उठते. त्यानं घोड्याच्या तोंडाला झटका बसतो. मागून बघताना दोन्ही खांदे आणि दोन्ही रिकिबी समान उंचीवर आहेत का ते बघा. माझी उजवी रिकीब नेहमी खाली दिसायची. दोन्ही चामडी पट्ट्यांची भोकं सारखी होती, मीच उजवीकडे कलत होते. वहिनीनं मागून बघून सांगेपर्यंत मी पट्ट्याच बदलत बसले होते.

मग चेहरा बघा. ओठ मिटले आहेत का, जबडा आवळला आहे का, श्वास चालू आहे का.

आता बोलायचं कसं. उस्ताद बोलत असताना एक शब्दही नाही. ते बोलले तेच सोप्या भाषेत सांगायचा मोह होतो, तोही आवरा. तुमचं बोलणं फेऱ्यांच्या मधल्या विसाव्यात, घोडा चालीवर (साध्या चालण्यावर) असताना. एका वेळी एकच गोष्ट सांगा. पाच चुका दिसल्या तर जिच्यामुळे बाकीच्या चार होतात ती निवडा, ती बहुतेक वेळा श्वास, नजर किंवा टाच यांपैकी असते. "टाच वर जातेय" म्हणण्याऐवजी "टाच खाली" म्हणा. स्वाराच्या डोक्यात शेवटचा शब्द राहतो, तो करायच्या गोष्टीचा असू द्या. आणि जमलं की त्याच क्षणी "हं, हेच!" म्हणा. अंगाला कोणतं बसणं बरोबर आहे ते तेव्हाच कळतं, तासाभरानं चहा पिताना केलेल्या कौतुकानं कळत नाही. चहावरचं कौतुकही करा, ते मनासाठी.

घाबरलात तरी ओरडू नका. स्वीडनमधल्या एका अभ्यासात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, लोकांना घोडा धरून किंवा घोड्यावर बसून ठराविक अंतर चार वेळा जायला सांगितलं होतं. चौथ्या वेळी "आता वाटेत छत्री उघडली जाईल" असं सांगितलं, आणि छत्री उघडलीच नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. घोड्यांना तर छत्रीबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. कुंपणावरून "अगं बाई, सांभाळ!" असं कुणी किंचाळलं की त्याचा परिणाम असा स्वाराच्या अंगातून घोड्यापर्यंत जातो. तुम्ही शांत उभ्या राहिलात, श्वास लांब सोडलात, तर तेही त्याच वाटेनं पोचतं.

चित्रीकरण करायचं तर उस्तादांना विचारून, कुंपणाबाहेरून, फ्लॅशशिवाय. मैदानाच्या लांब बाजूच्या मध्यावर उभं राहा, दोन फेऱ्या पुरेत. घरी बघताना आधी जिचं चित्रीकरण आहे तिनं बोलावं. आपलं चुकलेलं आपणच आधी ओळखलं की दुसरीला सांगावं लागत नाही. आणि ते कुठल्याही गटावर टाकायचं नाही. आमच्या ओळखीत एकीचं पडतानाचं चित्रीकरण कुणीतरी कौतुकानं सगळीकडे फिरवलं. ती परत आली नाही.

६. दुडकीपासून कॅंटरपर्यंत

चालीत घोड्याचे चार पाय वेगवेगळे पडतात, चार ठोके ऐकू येतात. दुडकीत तिरपे दोन पाय एकत्र पडतात, म्हणून दोन ठोके. कॅंटरला, म्हणजे दुडकीहून वेगवान धावेला, तीन. मैत्रिणीला डोळे मिटून हे ओळखायला लावा. तिला जमलं की ती तुमच्यासाठी मोजू शकते.

दुडकीतली उठबस शिकताना बाहेरचा ठेका फार उपयोगी पडतो. कुंपणावरून कुणीतरी "एक-दो, एक-दो" एकसारखं म्हणत राहिलं की तुम्हाला मोजायचं ओझं राहत नाही. रिंगणात वळणावर असताना घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जातो तेव्हा उठायचं. हे वरून बघायला मान वाकवली की तोल जातो. खालून मैत्रिणीनं चारदा "आता, आता" म्हटलं की पाचव्यांदा ते अंगाला कळतं.

एकाच रिंगणात बरोबर चालवताना घोड्यामागे घोड्याच्या लांबीएवढं तरी अंतर ठेवा, समोरून येणारीला आपला डावा हात तिच्या डाव्या हाताकडे ठेवून जाऊ द्या. शेपटीला लाल फीत बांधलेली दिसली तर तो लाथ मारणारा घोडा आहे. मैत्री असली की घोडे शेजारी शेजारी घेऊन गप्पा मारायचा मोह होतो. पण तुमची मैत्री आहे म्हणजे घोड्यांची असेलच असं नाही.

मैदानाबाहेर गेल्यावर वेग सगळ्यांत नव्या स्वाराचा. वेग बदलण्याआधी पुढची हात वर करून विचारते, सगळ्यांनी होकार दिला तरच. आणि एखादीचा घोडा उधळला तर बाकीच्यांनी जागेवर थांबायचं. मदतीला म्हणून मागे पळालात तर कळपाच्या ओढीनं तो आणखी पळतो. तुम्ही थांबलात तर त्याला परत यायला जागा राहते. जिचा घोडा उधळला तिनं मोकळी जागा असेल तर हळूहळू मोठं वळण घेत ते लहान करत आणायचं.

७. पडल्यानंतर

पडणार आहात. त्यासाठी गटानं आधी कामं वाटून घ्या, कारण त्या क्षणी सगळे घोड्यामागे धावतात. आमच्याकडे ठरलेलं आहे: एक माणसाजवळ, एक इतर घोडे थांबवायला, सुटलेला घोडा साईसांचा.

पडलेल्या माणसाला हाताला धरून उठवू नका. तिला विचारा, मान दुखते का, हातापायांना मुंग्या येतात का, नाव आणि वार सांगता येतो का. मान किंवा पाठ दुखत असेल तर हलवू नका, हेल्मेट काढू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला लागलं असेल आणि उलटी, गोंधळ, झोपाळूपणा, वाढती डोकेदुखी यांपैकी काही असेल तर थेट दवाखाना. डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी परत घोड्यावर बसायचं नाही. "पडल्यावर लगेच बसायलाच हवं, नाहीतर भीती बसते" असं जुने लोक म्हणतात. गवतावर हलकं घसरून पडलात तर ठीक. बाकी वेळी ऐकू नका.

भीतीचं काय करायचं ते मला वहिनीनं शिकवलं. दुसऱ्या हिवाळ्यात कॅंटरला असताना राणी कुंपणाला अडकलेल्या निळ्या प्लास्टिकला बिचकली आणि मी उजव्या खांद्यावर पडले. हाड वाचलं. खांदा दोन आठवड्यांत बरा झाला, पण मी जाईना. घरी पाहुणे आहेत, ऑफिसात काम आहे, असं काहीतरी दर रविवारी निघायचं. मैत्रिणींनी धीर द्यायला फोन केले, "तू करू शकतेस" वगैरे. ते ऐकून मला आणखी लाज वाटायची. वहिनीनं घोडेस्वारीचा विषयच काढला नाही. एका रविवारी म्हणाली, "घरात गाजरं खूप आणलीत मी. राणीला देऊन येऊ, चल." गेलो, गाजरं दिली, परत आलो. पुढच्या रविवारी खरारा केला. माझे हात थरथरत होते, तिनं शेजारी उभं राहून दुसऱ्या बाजूनं ब्रश चालवला. तिसऱ्या रविवारी मी स्वतः साईसकाकांना म्हणाले, हेल्मेट आणलंय. लांब दोरावर, फक्त चालीवर, दहा मिनिटं.

तुमच्या मैत्रिणीवर ही वेळ आली तर तिला काही सिद्ध करायला लावू नका. ज्या पायरीवर भीती वाटत नाही त्या पायरीपर्यंत तिच्याबरोबर खाली जा, आणि तिथून पुढे कधी जायचं ते तिला ठरवू द्या.

८. एक पुढे गेली तर

जाणारच. पागनीसपागेची मैत्रीण आठव्या महिन्यात लहान उड्या घ्यायला लागली, मी तेव्हा दुडकीतच होते. दोन महिने मला तिच्याशी नीट बोलता आलं नाही. तिला वाटायचं आपण आपलं कौतुक सांगितलं तर मला वाईट वाटेल, म्हणून तीही गप्प. आम्हाला वहीनं वाचवलं.

वहीत रोज तीन ओळी: घोडा कोणता, आज काय शिकत होते, कुंपणावरून काय सांगितलं गेलं. प्रत्येकीची वही वेगळी, पण तिसरी ओळ दुसरीनं लिहायची. मी तिच्या वहीत लिहू लागले तेव्हा उडीच्या आधी ती किती घाबरते ते मला कळलं. उडीआधी तीन पावलं तिची नजर खाली जायची. ते मी पकडलं. आपण दुडकीत आहोत म्हणून उडी घेणारीला काही देऊ शकत नाही, असं नसतं.

आपल्या इंदूरच्याच सुदीप्ती हजेलाची गोष्ट मला अशा वेळी आठवते. हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत २६ सप्टेंबर २०२३ रोजी भारतानं ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरावीक चाली आणि हालचाली करून घेण्याच्या प्रकाराचं) सांघिक सुवर्ण मिळवलं. १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी, घोडेस्वारीत भारताला आशियाई सुवर्ण मिळालं. संघात चौघे होते: अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि चिन्स्की या घोड्यावर सुदीप्ती. नियमानं चौघांपैकी सर्वोत्तम तिघांचे गुण धरतात. पहिल्या तिघांची बेरीज २०९.२०५ झाली. सुदीप्तीचे ६६.७०६ त्या बेरजेत आले नाहीत. पण ती मैदानात होती म्हणूनच, एखाद्याचा घोडा बिथरला असता तरी संघ उभा राहिला असता. सुवर्णपदक चौघांनाही मिळालं. ही बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही चौघी वहिनीच्या घरी जमलो होतो, आणि तिघांचेच गुण धरतात हे समजल्यावर पागनीसपागेची मैत्रीण माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "उद्या येशील ना लवकर?"

९. इंदुरातलं वेळापत्रक

हिवाळ्यात सुरू करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी माळव्यातल्या सकाळी घोड्यालाही मानवतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सूर्योदयाबरोबर सुरू करून आठच्या आत संपवायचं. या दिवसांत एकमेकींना उठवायचा फोन ठरवून घ्या. पावसाळ्यात आपली काळी माती नालेखाली साबणासारखी घसरते, म्हणून वाळूचं मैदान नसेल तर चालीपलीकडे जाऊ नका. खूर रोज कोरडे करायला साईसांना मदत करा. दिवाळीचे फटाके आणि रंगपंचमीची गेर (मिरवणूक), या दिवसांत रपेट बंद ठेवा. पण पागेत जा. आवाजानं अस्वस्थ झालेल्या घोड्याजवळ ओळखीचं माणूस शांत उभं असलं की त्याला बरं वाटतं.

ते पंधरा दिवस झाल्यावरचा पहिला रविवार असा जाऊ द्या: सहाला दोघींनी पागेत पोचायचं. साईसांना विचारून घोडा बघायचा, अर्धा तास खरारा. मग एक वर, एक कुंपणाशी, वीस मिनिटांनी अदलाबदल. घोडे थंड होईपर्यंत दोघींनी त्यांना हातानं चालवायचं. वहीत तीन ओळी. साबणानं हात धुऊन मग पोहे.